परक्या पडद्यावर आपलं घर

गेल्या अंकात मी दूरचित्रवाणीवरच्या निवेदनाबद्दल लिहिलं होतं. त्यानंतरच्या टपालातली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: आपल्या मुलखाबद्दल दुसऱ्या मुलखातल्या लोकांना पडद्यावरून कोण सांगतं, आणि कसं सांगतं? परभणीला आकाशवाणीवर निवेदन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा विषय माझ्या जिवाजवळचा आहे. जागा पुरेल तेवढी पत्रं घेते.

अंबाजोगाईच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात: मे २०२३ मध्ये मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी लेक-जावयांनी पहाटेच टीव्ही लावला. वाहिनी अमेरिकेची, पण लंडनहून समजावून सांगणाऱ्यांत कितीतरी इंग्रज! अमेरिकेकडे स्वतःची माणसं नाहीत का? आणि ज्यांच्याशी लढून हे लोक स्वतंत्र झाले, त्यांच्याच राजाचं एवढं कौतुक कशासाठी?

बाई, माणसं आहेत. मोठ्या सोहळ्याला अमेरिकी वाहिन्या आपले नावाजलेले निवेदक लंडनला नेतात आणि राजवाड्यासमोर तात्पुरते स्टुडिओ उभारतात. पण निवेदकाच्या शेजारी एक इंग्रज बसवावाच लागतो. मुकुट कोणता, तो कोणी ठेवायचा, कोण कोणाच्या मागून चालायचं, बाहेर निषेधाच्या पाट्या घेऊन उभे असलेले लोक कोण, हे घरच्या माणसानं सांगितलं तरच ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. लंडनचं घड्याळ न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे. लंडनचे सकाळचे अकरा म्हणजे न्यूयॉर्कचे पहाटेचे सहा, म्हणून तुम्हाला तसं उठावं लागलं. आणि ज्यांना राजा नाही त्यांना राजाची गोष्ट ऐकायला आवडते, यात मला नवल वाटत नाही.

बाहेरच्या माणसानं सांगितलं तर काय होतं, याचं एक उदाहरण देते. जानेवारी २०१५ मध्ये फॉक्स न्यूजवर एका अमेरिकी तज्ज्ञानं बेधडक सांगितलं की बर्मिंगहॅम हे पूर्ण मुस्लिम शहर आहे, तिथे इतर धर्माचे लोक जातच नाहीत. बर्मिंगहॅम हे ब्रिटनमधलं लंडनखालोखाल मोठं शहर. तिथे सगळ्या धर्मांचे लोक राहतात. गदारोळ झाला, त्या गृहस्थांनी माफी मागितली, वाहिनीलाही पडद्यावरून माफी मागावी लागली. बर्मिंगहॅममध्ये वाढलेला एक माणूस त्या वेळी शेजारी बसलेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

या कामाची परंपरा टीव्हीपेक्षा जुनी आहे. ॲलिस्टर कुक नावाचा एक तरुण इंग्रज १९३०च्या दशकात एनबीसी रेडिओवरून अमेरिकी श्रोत्यांना ‘लंडन लेटर’ ऐकवायचा. लंडनमध्ये काय चाललंय, नाटकं कुठली, लोक कशावर भांडतायत, असं सगळं. १९३६ मध्ये ब्रिटनचा राजा आठव्या एडवर्डनं गादी सोडली, तेव्हा त्या पेचाची उकल अमेरिकेला करून सांगणाऱ्यांतही तो होता. पुढे तो अमेरिकेला गेला, १९४१ मध्ये तिथला नागरिक झाला आणि १९४६ पासून बीबीसीवर उलट्या दिशेनं बोलू लागला. ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ ही त्याची रेडिओवरची पत्रं २००४ पर्यंत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षं चालली. भाग झाले २८६९. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा वाचून आदरच वाटतो.

टीव्हीच्या बाबतीत राज्याभिषेकाचीच पहिली मोठी परीक्षा झाली, एलिझाबेथ राणींच्या, २ जून १९५३ रोजी. उपग्रह नव्हते. बीबीसीच्या चित्रणाच्या फिती वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी कॅनडाला पोचवल्या आणि तिथून चित्रं अमेरिकेत गेली. आपणच आधी दाखवणार म्हणून अमेरिकी वाहिन्यांनी स्वतःची विमानंही आणली होती. जिथे राज्याभिषेक झाला त्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधलं रिचर्ड डिंबलबी यांचं धीरगंभीर निवेदन ब्रिटनमध्ये अजून आठवलं जातं. अमेरिकेत मात्र त्या सोहळ्याच्या मध्येमध्ये जाहिराती आल्या, आणि एनबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमातलं एक पाळीव चिंपांझी माकडही पडद्यावर आलं. ब्रिटनमध्ये संताप उसळला. जाहिरातींवर चालणारी वाहिनी नको म्हणणाऱ्यांना संसदेत हा आयता पुरावा मिळाला. तरी १९५५ मध्ये आयटीव्ही सुरू झालीच.

मग १९७१ मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीनं ‘मास्टरपीस थिएटर’ सुरू केलं. ब्रिटिश मालिका अमेरिकेला दाखवायच्या आणि प्रत्येक भागाआधी कुकनं खुर्चीत बसून चार गोष्टी सांगायच्या. घरातला बटलर कोण, त्याच्या हाताखाली कोण, धाकट्या मुलाला जमीन का मिळत नाही, असलं सगळं तो सांगे. १९९२ पर्यंत त्यानं हे केलं. सांगताना ऐकणाऱ्याला अडाणी समजला नाही आणि सांगण्याचा विषय स्वस्त केला नाही. पण पैसा मोबिल या तेल कंपनीचा होता, आणि मालिका जास्त करून जुन्या काळातल्या, वाड्या-हवेल्यांच्या. कुक स्वतः सॅल्फर्डचा, मँचेस्टरला लागून असलेल्या गिरण्या-गोद्यांच्या गावचा. ते सॅल्फर्ड त्या खुर्चीतून फारसं दिसलं नाही. याचा दोष मी एकट्या कुकला देणार नाही. कुठला ब्रिटन दाखवायचा हे पैसे देणारा आणि बघणारा मिळून ठरवत होते.

परभणीचा कायद्याचा एक विद्यार्थी विचारतो: इंग्रज निवेदक अमेरिकी वाहिनीवर बोलतो, तेव्हा त्याच्यावर ब्रिटनचे नियम चालतात का?

नाही. नियम प्रसारण जिथे होतं तिथला चालतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉम नावाची नियामक संस्था आहे. तिच्या संहितेप्रमाणे बातम्यांत आणि वादाच्या राजकीय विषयांत वाहिनीला निःपक्षपात पाळावा लागतो. अमेरिकेत दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावानं १९४९ पासून होतं, ते १९८७ मध्ये गेलं. म्हणून तोच माणूस लंडनमध्ये तोलून बोलतो आणि न्यूयॉर्कमध्ये मोकळा सुटतो. ब्रिटिश पत्रकार पिअर्स मॉर्गन २०११ ते २०१४ सीएनएन या अमेरिकी वाहिनीवर होते. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये सोळा मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्यावर ब्रिटननं पिस्तुलांसारख्या छोट्या बंदुकांवर बंदी घातली, हे ते अमेरिकी प्रेक्षकांना ठणकावून सांगायचे. चिडलेल्या लाखभराहून अधिक लोकांनी त्यांना देशाबाहेर काढा म्हणून व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर सह्या केल्या. सरकारनं ती मागणी मानली नाही.

तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल असं आणखी एक सांगते. बर्मिंगहॅमचे विनोदी कलाकार जॉन ऑलिव्हर २०१४ पासून अमेरिकेच्या एचबीओ वाहिनीवर आपला साप्ताहिक उपहासात्मक कार्यक्रम करतात. ब्रिटिश संसदेचं चित्रण विनोदी-उपहासात्मक कार्यक्रमात वापरायला ब्रिटनमध्ये मनाई आहे. म्हणून त्यांनी अमेरिकेत दाखवलेला तेवढा तुकडा ब्रिटनमध्ये कापावा लागला. पुढे २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानाआधीच्या रविवारी त्यांनी, युरोपीय संघ सोडू नका, असा पूर्ण भाग केला. अमेरिकेनं तो लगेच पाहिला. ज्यांना मत द्यायचं होतं त्या ब्रिटिशांच्या टीव्हीवर तो मतदान संपल्यावर आला. यूट्यूबवर मात्र सगळ्यांना आधीच दिसत होता. नियम करणाऱ्यांच्या हातून काय निसटलंय, ते यातून लक्षात येईल.

भूम तालुक्यातला एक तरुण पत्रकार दिल्लीजवळून लिहितो: ताई, मी एका हिंदी वाहिनीत नोकरीला आहे. मराठवाड्याचं काही निघालं की मला कॅमेऱ्यासमोर बसवतात. दुष्काळ, आत्महत्या, आरक्षण, याच्यापुढे कोणी विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आमच्याकडच्या टँकरबद्दल बोललो. ते गावात पोचलं. आईचा फोन आला, “तुझ्या बोलण्यानं चुलतभावाची सोयरीक अडली की. पाव्हणे म्हणायलेत, पाणी नाही त्या गावात पोरगी द्यायची कशी?” मी खोटं बोललो नव्हतो. मग मी करायचं तरी काय?

तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरेतुरे करते. तुझं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं.

आधी तुझ्यासारख्याच एका प्रसंगाची गोष्ट. २००९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य योजनेवरून रान पेटलं होतं. डॅनियल हॅनन हे ब्रिटनचे युरोपीय संसदेतले सदस्य फॉक्स न्यूजवर गेले आणि आपल्या देशाची आरोग्य सेवा, एनएचएस, कोणाच्याही वाट्याला येऊ नये अशा अर्थाचं बोलले. ही सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली. दवाखान्यात गेलेल्याला तिथे बिल हातात मिळत नाही. ताटकळावं लागतं, हेही खरं. त्याच दिवसांत एका अमेरिकी वृत्तपत्रानं लिहिलं की शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग ब्रिटनमध्ये असते तर जगलेच नसते. हॉकिंग तर जन्मापासून ब्रिटनचेच! त्यांनी जाहीर सांगितलं की एनएचएस नसती तर मी आज नसतो. इकडे ब्रिटनमध्ये हजारो लोकांनी ट्विटरवर आपापल्या आजारपणांच्या, बाळंतपणांच्या हकिगती लिहिल्या. पंतप्रधान ब्राउन त्यात उतरले, आणि हॅनन यांच्याच पक्षाच्या नेत्यांना त्यांच्यापासून अंतर राखावं लागलं. हॅनन यांना स्वतःचं मत मांडायचा अधिकार होताच. पण ते बोलत होते ब्रिटनबद्दल आणि भांडण होतं अमेरिकेचं. त्या भांडणात त्यांच्या देशातला दवाखाना फक्त दगड म्हणून वापरला गेला.

तुला खुर्चीत बसवतात तेव्हा आधी हे बघ: भांडण कोणाचं आहे? दिल्लीच्या स्टुडिओत आरक्षणावर दोन पक्ष भांडत असतील आणि मधे तुला ‘मराठवाड्याचा मुलगा’ म्हणून बोलावलं असेल, तर तुझं गाव तिथे पुराव्यासाठी आणलंय. ते तुला ओळखता आलं पाहिजे.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. त्यानंतरच्या दिवसांत एका परदेशी चित्रीकरण पथकाला दुभाषी हवा होता, म्हणून मी त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. एका गावात म्हातारे गृहस्थ भेटले. घरातली तिघं गेली होती. त्यांना रडायचं नव्हतं, त्यांना सांगायचं होतं. हाताला धरून त्यांनी आम्हाला पडलेल्या भिंतीपाशी नेलं. “बघा, हा दगड गोल. मधे नुसता चिखल. वर माळवदाची माती, दर पावसाळ्याआधी थर चढवलेला. एवढं वजन अंगावर आलं. जमीन हलली म्हणून नाही मेली माणसं, घरानं मारली.” मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. पुढे अभियंत्यांनीही तपासून हेच मांडलं: दगड-मातीच्या जाड, एकमेकांत न गुंतलेल्या भिंती आणि वर जड छत. पण त्या पथकानं जे दाखवलं त्यात म्हातारबुवांचा चेहरा होता, बोलणं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर कोण्या निवेदकाचा आवाज होता, दैव आणि गरिबी यांबद्दलचा. मी तो भाग पाहिला तेव्हा मला फार राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ज्याला कारण ठाऊक होतं त्याला फक्त दुःख दाखवायला ठेवलं होतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की, कारण सांग. टँकर आला एवढं सांगून थांबू नकोस. टँकर का आला, पाणी कुठे गेलं, ते सांग. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनावर देशभरातले कॅमेरे होते. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण धनेगावला आहे, माझ्या माहेरच्या केज तालुक्यात. ते कोरडं पडलं होतं. त्या धरणाच्या भोवताली ऊस किती, कारखाने किती, उसाला पाणी किती लागतं, हे विचारणारे कॅमेरे मी फार थोडे पाहिले. त्याच वर्षीच्या पावसात मांजरा भरलं. माझ्या भावानं फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. तेव्हा धरणावर कोणीही आलं नव्हतं.

दुसरं, गावाला आवडेल तेवढंच बोल, असं मी तुला मुळीच म्हणत नाही. ऊसतोड मजूर दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघतात. मुकादमाची उचल फिटेपर्यंत आजारीसुद्धा पडता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायांची गर्भाशयं काढली गेली, याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, तेव्हा आपल्याच भागातले काहीजण म्हणाले की जिल्ह्याची बदनामी चाललीय. मी म्हणते, ते बोललंच पाहिजे, आणि आपल्या माणसानं बोललं पाहिजे. पोरींची लग्नं लवकर लावून देतात, तेही बोललं पाहिजे. फक्त असं बोल की उद्या त्याच पारावर त्याच बायांसमोर उभं राहून तेच वाक्य मराठीत म्हणता येईल. कुकच्या काळी न्यूयॉर्कमध्ये काय बोललं ते सॅल्फर्डच्या गल्लीत कोणाला कळत नव्हतं. तुझं बोलणं तासाभरात आईच्या मोबाइलवर असतं.

आणि तीन विषयांचं म्हणशील तर चौथा तूच घेऊन जा. कोणी विचारेपर्यंत थांबू नकोस. जालन्याचं बियाणं देशभर पेरलं जातं. वसमतची हळद आहे. लातूरच्या बाजारात तुरीचा भाव काय फुटला याकडे डाळ मिलवाले डोळे लावून असतात. यातलं एक निवड, आकडे गोळा कर, चार माणसांचे फोन नंबर ठेव आणि संपादकांच्या टेबलावर लिहून दे. दहा वेळा नाही म्हणतील. बातमी नसलेल्या एखाद्या रविवारी हो म्हणतील.

सोयरिकीचं वाईट वाटलं. पण गावात आता नळ आला असेल, विहिरीला पाणी लागलं असेल, तर पाव्हण्यांना घरी बोलावून दाखवायला सांग आईला. नसेल, तर त्या पोरीच्या बापाचा प्रश्न रास्त आहे. तोच प्रश्न घेऊन ग्रामपंचायतीत जा, आणि तिथलं उत्तर वाहिनीवर दाखव.

उदगीरचे एक वाचक विचारतात: निसर्गमालिकांचे ब्रिटिश निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचा आवाज अमेरिकेत बदलतात, हे खरं का?

काही वेळा बदलला आहे. बीबीसीची ‘प्लॅनेट अर्थ’ ही निसर्गमालिका डिस्कव्हरीनं २००७ मध्ये अमेरिकेत दाखवली तेव्हा निवेदन अभिनेत्री सिगर्नी वीव्हर यांचं होतं. मला मूळ आवाजच आवडतो. लहान मुलांना दोन्ही ऐकवा आणि कुठल्या आवाजात प्राणी जवळचा वाटतो ते विचारा.

जालन्याचे एक वाचक लिहितात: आमचे आजोबा युद्धकाळात एका वकिलांच्या घरी रेडिओ ऐकायला जात. लंडनहून मराठीत बातम्या येत, असं ते सांगत. खरं असेल का?

खरं आहे, आणि मला याचं मोल वाटतं. १९४१ ते १९४३ या काळात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात काम करत होते. युद्धाच्या आढाव्याचं इंग्रजी वार्तापत्र ते लिहीत, आणि ते मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत उतरवून भारताकडे प्रसारित होई. त्यांच्यासोबत महाराष्ट्रातून गेलेल्या वेणू चितळे होत्या. १९४२ चं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे: बीबीसीच्या स्टुडिओत कवी टी. एस. एलियट, लेखक मुल्कराज आनंद, मागे उभे ऑर्वेल, आणि त्याच टेबलाशी बसलेल्या वेणूताई. भारतानं युद्धात ब्रिटनच्या बाजूनं राहावं यासाठीच हा खटाटोप होता, आणि इकडे चले जाव सुरू होतं. आपल्या परिश्रमातून काही निष्पन्न होत नाही असं सांगून ऑर्वेल यांनी १९४३ च्या अखेरीस ती नोकरी सोडली. भारतात फारसं कोणी ऐकत नाही असा त्यांचा समज झाला होता.

तुमचे आजोबा ऐकत होते. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि तिथे बसून एक मराठी माणूस लंडनचं मराठी ऐकतोय! आजोबांनी त्या बातम्यांबद्दल कुठे काही टिपून ठेवलं असेल, वहीत, पंचांगाच्या कोऱ्या पानावर, पत्रात, तर त्याची झेरॉक्स काढून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ कागद पाठवू नका, तो घरीच ठेवा. वकिलांच्या घरी आणखी कोण कोण येत असे, त्यांच्या घरच्यांपैकी कोणी गावात असेल, तर तेही कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा देईन.